सही कबूल, रक्कम नाकबूल

जामीन राहणे हा आपल्याकडे एक लोकाचार आहे. लग्नाला जावे, मयताला खांदा द्यावा, शेजाऱ्याच्या वास्तुशांतीला जेवून यावे, तसे जामीन राहावे. त्यात विचार करण्यासारखे काही असते असे कोणाला वाटत नाही. कोणी ओळखीचा येतो, "गुरुजी, तुमची पगाराची नोकरी, तेवढी एक सही लागते," असे म्हणतो आणि आपण खिशातले पेन काढतो. शिक्षकाजवळ देण्यासारखा पैसा नसतो. तेव्हा निदान सही तरी द्यावी, तिला काय पडते, असा हिशेब त्यामागे असतो. सही फुकट असते हा माझा समज २०२३ सालच्या जुलै महिन्यात एका बेलिफाने दूर केला.

सातवीचा तास चालू होता. फळ्यावर सरळव्याजाचे उदाहरण होते. (हे मी कादंबरीत लिहिले असते तर संपादकांनी योगायोग म्हणून खोडले असते, परंतु होते खरे.) दारात एक गृहस्थ उभे राहिले, त्यांनी माझे पूर्ण नाव उच्चारले, एक कागदांचा जुडगा पुढे केला आणि कुठे सही करायची ते बोटाने दाखवले. चाळीस मुले पाहत होती. मी सही केली. जिच्यामुळे हा प्रसंग आला तीच सही.

ज्याला मी जामीन राहिलो तो माझा जुना विद्यार्थी. २००५ साली तो माझ्या वर्गात होता. गणितात कच्चा, मात्र वहीच्या मागच्या पानावर ट्रकची चित्रे काढण्यात पटाईत. २०१८ च्या सप्टेंबरात त्याने, लोक ज्याला छोटा हत्ती म्हणतात तसला टेंपो घेतला. एका वित्तसंस्थेने ३ लाख ९० हजार रुपये दिले. फेड ४८ हप्त्यांत, हप्ता ११ हजार ५० रुपयांचा. आमच्या पुरंदर तालुक्यातला वाटाणा, अंजीर, सीताफळ घेऊन तो पहाटे दिवे घाट उतरे आणि उजाडायच्या आत गुलटेकडीच्या बाजारात पोचे. सतरा हप्ते त्याने तारखेला भरले. मग २०२० चा मार्च आला आणि रस्तेच बंद झाले. रिझर्व्ह बँकेने त्या मार्चपासून ऑगस्टअखेरपर्यंत हप्ते थांबवण्याची मुभा दिली होती. हप्ते थांबले, व्याज थांबले नाही. पुढे त्याने कसेबसे तीन हप्ते भरले, तोच वडील आजारी पडले आणि दवाखान्यात होते नव्हते ते गेले. २०२१ च्या जूनमध्ये दोघातिघांनी हडपसरच्या अलीकडे गाडी अडवून त्याच्या हातातली चावी घेतली. याला आमच्याकडे 'गाडी ओढली' म्हणतात, जणू बैलच सोडून नेला. ऑगस्टमध्ये ती १ लाख १५ हजाराला विकली गेली. यातले काहीच मला ठाऊक नव्हते. वादपत्रात मागणी होती ३ लाख ४१ हजार ६०० रुपयांची. प्रतिवादी क्रमांक एक तो; क्रमांक दोन मी.

तो जुडगा मी शाळेच्या कपाटात, जुन्या हजेरीपटांच्या गठ्ठ्यात ठेवला. बावीस दिवस तो तिथे होता. या बावीस दिवसांबद्दल मला अधिक लिहायचे आहे, कारण या सर्व प्रकरणात माझे म्हणून जे काही नैतिक चुकले ते त्या दिवसांत चुकले आणि तेव्हा मला ते सद्गुण वाटत होते.

मला लाज वाटत होती. आपल्यावर दावा झाला, कोर्टाचा माणूस शाळेत आला, उद्या गावात बोलतील. रस्त्याने जाताना पतसंस्थेचे व्यवस्थापक हसले तर ते का हसले याचा मी घरी येईपर्यंत विचार करी. लाज वाटते म्हणजे आपण सज्जन आहोत, निर्लज्ज माणूस असता तर मजेत जेवला असता, असेही एक समाधान त्यात होते. मात्र त्या बावीस दिवसांत एकदाही मी कागद उघडून पाहिले नाही की मागणी किती आहे, कशी आली आहे, बरोबर आहे की नाही. ज्याचे देणे लागतो म्हणतात त्याचा विचार माझ्या मनात आलाच नाही; विचार आला तो बघणाऱ्यांचा. लाजेचे तोंड गावाकडे असते. देण्याचे तोंड धनकोकडे असते. दोघी एका घरात राहतात म्हणून आपण त्यांना बहिणी समजतो, एवढेच.

गाव लहान. बातमी शिपायाच्या घरून आमच्या घरी पोचली. रात्री जेवणे झाल्यावर मंडळींनी विचारले, "समन्स आलंय म्हणे?"

मी गप्प.

"तुम्ही चोरी केलीत का?"

"नाही."

"मग चोरासारखं लपवता कशाला?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी जुडगा घरी आणला आणि तारीख पाहिली. कैफियत द्यायला कायद्याने तीस दिवस असतात. त्यातले आठ उरले होते.

कोर्टाची पायरी शहाण्याने चढू नये ही म्हण मी वर्गात कित्येक वेळा वाक्यात उपयोग करून दाखवली आहे. त्या दिवशी वऱ्हांड्यातल्या बाकावर बसलो असता ती म्हण कोणाच्या सोयीची आहे याचा मला साक्षात्कार झाला. एकामागून एक वसुलीचे दावे पुकारले जात होते. मी मोजले, अकरा दावे. त्यांतल्या आठांत प्रतिवादीच्या नावाचा पुकारा तीन तीन वेळा झाला आणि कोणी उठले नाही. शिपायाचा आवाज अंगणातल्या कडुलिंबापर्यंत जाऊन परत येई. "गैरहजर." मग एकतर्फी. एकतर्फी म्हणजे वादी जे म्हणतो त्याला उत्तर देणारा कोणी नाही. तो आपला कागद शाबीत करील आणि बहुधा मागेल तसा हुकूमनामा घेऊन जाईल. ती आठ माणसे लबाड होती का? एखाददुसरा असेल. बाकीचे, माझी खात्री आहे, कुठेतरी आपापला जुडगा पत्र्याच्या पेटीत ठेवून लाजत बसले होते.

आमच्या तालुक्यातून जेजुरी, मोरगाव करीत पुढे गेले की सुपे लागते. १२ मे १८७५ रोजी तिथल्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. पाठ्यपुस्तकात या दंग्याला चार ओळी असतात. त्यामागे एक गोष्ट अशी होती की, १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याला तीन वर्षांची मर्यादा घातली होती. हेतू असा की व्याज साचू नये. सावकारांनी काय केले, तर दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिसळून नवा रोखा लिहून घेतला. कुणब्याच्या हाताला अंगठा होता आणि तो फुकट समजला जात होता. पुढे दावा झाला की कुणबी कोर्टात जात नसे. म्हणून १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी सरकारने जो कायदा केला त्यात दोन कलमे मला फार अर्थपूर्ण वाटतात. एक, न्यायाधीशाने शक्यतो ऋणकोला बोलावून त्याची जबानी घ्यावी. दोन, केवळ रोख्यावर विसंबू नये. व्यवहाराचा उगमापासून इतिहास पाहावा आणि खरे मुद्दल किती, व्याज किती, हे उकलून काढावे. म्हणजे परक्या सरकारलासुद्धा दंग्यानंतर एवढे कळले होते की ऋणको बोलत नाही तोवर कर्ज किती हे कोणालाच कळणार नाही. सुप्याच्या लोकांनी कागद जाळले. आम्ही पेटीत ठेवतो. दोहोंत कागद वाचला जात नाही, हे साम्य आहे.

माझे वकीलसाहेब भला माणूस. फी त्यांनी शिक्षक म्हणून कमी घेतली. कागद चाळून त्यांनी आधी मुदत मोजली. अशा पैशाच्या दाव्याला तीन वर्षे. परंतु १५ मार्च २०२० पासून २८ फेब्रुवारी २०२२ पर्यंतचे दिवस सर्वोच्च न्यायालयाने मुदतीतून वगळलेले, तेव्हा तो मार्ग नव्हता. मुदतीच्या बाबतीत त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात राहिली. मुदत टळली तर कोर्ट दावा काढून टाकते. पण म्हणून कर्ज मेले असे कायदा म्हणत नाही. तशा कर्जाची फेड करीन असे ऋणकोने पुन्हा लिहून सही केली तर ते वचन मोबदल्यावाचूनही चालते, असे १८७२ च्या करार कायद्यात चक्क लिहिले आहे. म्हणजे कोर्टाचे दार बंद झाल्यावरही दाराबाहेर काहीतरी उभे असते, आणि हे त्या रूक्ष कायद्याला ठाऊक आहे.

मग वकीलसाहेब म्हणाले, "मास्तर, सोपं करू. सही नाकबूल करा."

"म्हणजे?"

"म्हणजे सही माझी नाही म्हणा. त्यांना शाबीत करू दे. हस्ताक्षरतज्ज्ञ येईल, तारखा पडतील, तीन-चार वर्षं तर सहज. तोवर कंपनीच कंटाळून तडजोडीला येते. सगळे असंच करतात."

त्यांच्या टंकलेखकाजवळ तो मजकूर तयारच होता: वादपत्रातील सर्व मजकूर खोटा, खोडसाळ असून या प्रतिवादीस नाकबूल आहे. खाली सत्यापन, की वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे. म्हणजे सही माझी नाही या वाक्याखाली मी माझी सही करायची.

मी नाही म्हणालो. त्यात फार मोठे काही होते असे वाचकांनी समजू नये. एक तर माझी सही निम्म्या तालुक्याच्या प्रगतिपुस्तकांवर आहे. त्या कोर्टातल्या एका कारकुनाच्या प्रगतिपुस्तकावर तर मी स्वतः 'अक्षर सुधारावे' असा शेरा मारला आहे. दुसरे म्हणजे कादंबऱ्या लिहिणारा माणूस खोटे बोलत नाही असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? तरी लेखणी हातात घेतल्यावर हात चालेना. २०१८ च्या त्या सकाळी तो पोरगा माझ्यासमोर उभा होता, त्याच्या आईने केलेला चहा मी प्यालो होतो आणि सही केली होती. ती सही नव्हतीच असे म्हणणे म्हणजे ती सकाळ नव्हती असे म्हणणे. कंपनीशी खोटे बोलायला मी कदाचित धजलो असतो. त्या सकाळीशी धजेना.

वकीलसाहेब वैतागले. "मग काय कबूल करून टाकता? साडेतीन लाख भरता?"

इथे माझी खरी अडचण सुरू झाली. कारण माझ्याही मनात दोनच वाटा होत्या. एक प्रामाणिक माणसाची: सही केली ना, मग मुकाट्याने मागतील ते द्या. दुसरी हुशार माणसाची: सगळे नाकबूल. शिक्षकांच्या खोलीत हुशार वाटेचे पुरस्कर्ते पुष्कळ होते. मोठमोठे लोक कोट्यवधी बुडवून विलायतेत जाऊन बसतात, त्यांचे कोणी काही करत नाही आणि तुम्ही कसले सत्यवादी, हा त्यांचा मुद्दा. यातली पहिली दोन वाक्ये खरी आहेत. त्यांवरून तिसरे कसे निघते हे मला अजून उमगलेले नाही. एक मुलगा कॉपी करून पास झाला म्हणून बाकीच्यांनी पाढे विसरावेत, असा तो न्याय आहे. परंतु मागतील ते द्या म्हणणाऱ्या वाटेचा मोह मला अधिक होता हे कबूल केले पाहिजे. ती वाट दिसायला उदात्त. पाठीमागे हरिश्चंद्र उभा.

हरिश्चंद्राची गोष्ट मी दरवर्षी सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मुलीने हात वर केला होता. "गुरुजी, स्वप्न राजाला पडलं होतं. मग राणीला कशाला विकलं?" मुले हसली. मीही काहीतरी सांगून वेळ निभावली. आता तो प्रश्न घरी आला होता. मुलीच्या पदविकेच्या प्रवेशाचे पैसे बँकेत होते. मंडळींच्या पाटल्या कपाटात होत्या. हुकूमनामा झाला तर पगारातले पहिले हजार आणि उरलेल्यातले दोन तृतीयांश सोडून बाकीच्यावर जप्ती येऊ शकते, असे वकीलसाहेबांनी समजावले होते. माझ्या शब्दाची किंमत ज्या दोघी देणार होत्या त्यांनी चहाही प्यायला नव्हता आणि सहीही केली नव्हती. माझा प्रामाणिकपणा त्यांच्या हातातून काढून मी कंपनीच्या ओट्यात घालणार होतो, वर कीर्ती माझी.

मंडळींना मी दोन्ही वाटा सांगितल्या. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "पाटल्या मोडायच्या नाहीत. खोटंही बोलायचं नाही. काय ते त्यातून काढा."

प्लेटोच्या 'रिपब्लिक' ग्रंथाच्या आरंभी केफॅलस नावाचा एक सधन म्हातारा येतो. न्याय म्हणजे काय, तर खरे बोलणे आणि ज्याचे त्याला परत करणे, असे त्याच्या बोलण्यातून निघते. सॉक्रेटिस लगेच अडवतो: मित्राने शहाणा असताना शस्त्र ठेवायला दिले आणि वेडा झाल्यावर मागितले तर द्यायचे का? म्हातारा पूजेला निघून जातो. मला त्या म्हाताऱ्याची आता दया येते. त्याच्या व्याख्येत एक तिसरा शब्द राहून गेला. खरे बोला, परत करा, हे ठीक; पण त्याआधी मोजा. ज्याचे त्याला किती, हे कळल्याशिवाय परत करणे म्हणजे दान तरी किंवा लूट तरी.

मग मी मोजायला बसलो. वीस वर्षे व्याजाची उदाहरणे शिकवणाऱ्या माणसाने आपल्या सहीखालचा व्याजाचा तक्ता पहिल्यांदा पाहिला. करारात व्याज होते शेकडा नऊ. चार वर्षांचे व्याज १ लाख ४० हजार ४००, मुद्दलात मिळवून भागिले ४८, हप्ता ११ हजार ५०. सगळे बरोबर. फक्त हे नऊ टक्के शेवटच्या दिवसापर्यंत मूळच्या पूर्ण रकमेवर. मुद्दल दर महिन्याला फिटत असताना व्याज मात्र फिटलेल्या पैशांवरही चालू. उतरत्या शिलकीवर मांडले तर तोच हप्ता शेकडा सोळाचा निघतो. पोराला नऊ ऐकू आले होते. मलाही. यात खोटे कोणी बोलले नव्हते. आम्ही विचारले नव्हते. ते सोळा मी मान्य केले, कारण हप्ता करारात स्पष्ट होता.

त्यापुढचे मात्र मान्य करण्यासारखे नव्हते. दंडव्याज, त्या दंडव्याजावर व्याज, नोटिशीचा खर्च, गाडी ओढण्याचा खर्च, गाडी उभी केल्याचे भाडे. ज्या सहा महिन्यांत हप्ते थांबवण्याची मुभा होती त्या महिन्यांवरही व्याजावर व्याज लावलेले. ते लावू नये असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्येच दिलेला. आणि सर्वांत मोठा प्रश्न गाडीचा. ती १ लाख १५ हजाराला कोणी, कशी, कोणासमोर विकली? करार कायद्याचे १२८ वे कलम जामीनदाराला ऋणकोइतकेच बांधते. त्याच कायद्याचे १४१ वे कलम म्हणते की धनकोजवळच्या तारणाचा लाभ जामीनदाराचाही आहे आणि त्याच्या संमतीवाचून धनकोने ते घालवले तर तेवढ्या किमतीपुरता जामीनदार मोकळा. ज्या कायद्याने बांधले त्यानेच तेरा कलमे पुढे गाठ सैल केली होती. ती किंमत काय, हे दाखवायला मात्र कागद हवा होता आणि तो विद्यार्थ्याकडे असणार होता.

तो गेली दोन वर्षे मला टाळत होता. मी दिसलो की गल्ली बदलायचा. त्याला वाटे मी रागावलो आहे. मला वाटे तो उलटला आहे. आम्हा दोघांच्या लाजा एकमेकींकडे पाठ करून बसल्या होत्या आणि मधल्यामध्ये व्याज चढत होते. एका रविवारी मी त्याच्या घरी गेलो. तो चाकणला एका कारखान्यात कंत्राटी कामाला लागला होता, त्या दिवशी घरी होता. मला पाहून उभा राहिला तो बसेना. आईने चहा केला. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मी वर्गात म्हणतो तसे म्हणालो, "वही आण."

त्याने वही नाही, प्लॅस्टिकची पिशवी आणली. तीत वीसच्या वीस पावत्या होत्या, तारखेप्रमाणे लावलेल्या. इतका व्यवस्थितपणा त्याने सातवीत दाखवला असता तर! पिशवीच्या तळाशी गाडीचे विमापत्र निघाले. गाडी ओढली त्या वर्षीचे. त्यात गाडीची किंमत लिहिलेली होती: २ लाख ३५ हजार. आम्ही दोघांनी ओट्यावर बसून हिशेब मांडला. लिलावाच्या महिन्यात उतरत्या शिलकीने येणे होते सुमारे ३ लाख १० हजार. त्यातून गाडीचे २ लाख ३५ हजार वजा. राहिले ७५ हजार. त्यावर शेकडा सोळाने सरळव्याज. तो बोटांवर हातचे मोजत होता. त्याचे गणित पूर्वीइतकेच कच्चे होते, परंतु त्या दिवशी त्याने एकही पायरी गाळू दिली नाही.

कैफियत आम्ही नव्याने लिहवली. सही कबूल. कर्ज कबूल. वीस हप्ते भरले ते पावत्यांसह हजर. रक्कम नाकबूल. वकीलसाहेब म्हणाले, अशी कैफियत त्यांनी वर्षात पाहिली नव्हती. यात लढायचे काय आणि सोडायचे काय हे विरुद्ध बाजूच्या वकिलाला कळेना. सगळे नाकबूल म्हणणाऱ्याशी कसे लढायचे ते ठरलेले असते. हजर न राहणाऱ्याशी लढावेच लागत नाही. कंपनीने लिलावाचे कागद आणायला तारखा मागितल्या. कंपनीतर्फे येणारा अधिकारी चार वेळा बदलला. त्यांतला एक तर पंचविशीचा मुलगा. वऱ्हांड्यात माझ्याशेजारी बसून म्हणाला की त्याच्या स्वतःच्या मोटारसायकलचे दोन हप्ते थकलेत. पूर्वी सावकाराला चेहरा होता, त्याचा राग तरी करता येई. या पोराचा राग कसा करावा?

शेवट लोकअदालतीत झाला, २०२४ च्या पावसाळ्यात. मेअखेरपर्यंतचा आमचा हिशेब होता १ लाख ८ हजार ६००. तडजोड झाली १ लाख २५ हजारांवर, दहा हप्त्यांत. वरचे १६ हजार ४०० कसले, हे मला आजही सांगता येणार नाही. पुन्हा तारखा नकोत, रजा नकोत, असे एक कारण. पॅनेलवरच्या बाईंसमोर आता कुठे ताणायचे, ही भीड हे दुसरे. म्हणजे लाजेने शेवटी आपला वाटा घेतलाच. मंडळी म्हणाल्या, "एवढ्यावर सुटलात," पण त्यांच्याही आवाजात हिशेब होता. मुलीचा प्रवेश झाला. पाटल्या कपाटात आहेत. हप्ते माझ्या पगारातून गेले, कारण पोराचा चाकणचा पगार त्याच्या आईच्या औषधाला आणि तोंडात घालायलाच पुरत होता. शेवटचा हप्ता २०२५ च्या मे महिन्यात गेला.

प्रकरण इथे संपले असते तर बरे झाले असते. पण कायद्याला विनोदबुद्धी आहे. जामीनदाराने कर्ज फेडले की धनकोचे ऋणकोविरुद्धचे सगळे हक्क त्या जामीनदाराकडे येतात, असे तोच करार कायदा १४० व्या कलमात म्हणतो. म्हणजे आता मी कंपनी झालो. पोर आपणहून म्हणाला, "गुरुजी, महिन्याला दोन हजार देईन." व्याजाचा प्रश्नच नव्हता. मंडळींनी शंभर पानी वही आणून त्याचे नाव घातले.

काही महिने त्याने दिले. मग एक महिना चुकला, मग दुसरा. आणि माझ्या लक्षात आले की संध्याकाळी ओट्यावर बसून तो कोणत्या गल्लीने जातो याकडे मी पाहत असतो. त्याने नवी चप्पल घेतली तेही मला दिसले. मोबाइल नवा की जुना, हे दिसत नव्हते म्हणून मी चष्मा पुसला. दोन वर्षे ज्या खुर्चीचा मी तिरस्कार केला ती इतकी सहज मापाची निघेल असे वाटले नव्हते.

तुकाराम महाराजांची कथा आपण सारे लहानपणापासून ऐकतो: वडिलार्जित सावकारीचे कागद त्यांनी इंद्रायणीत सोडले. मलाही एका रात्री तो मोह झाला. इंद्रायणी नाही तर आमची कऱ्हा आहे, पावसाळ्यात तिला वही वाहून नेण्याइतके पाणी असते. परंतु कथेतला एक बारकावा आपण सांगताना गाळतो. महाराजांनी सगळे कागद बुडवले नाहीत. निम्मे भाऊ कान्होबाचे होते, ते त्याच्या हवाली केले. बुडवले ते आपल्या वाटचे. दुसऱ्याचे येणे माफ करण्याइतके ते उदार नव्हते. शिवाय बुडवणारा धनको होता. देणेकऱ्याने तेच कागद नदीत टाकले असते तर त्याचा अभंग झाला नसता, दावा झाला असता.

मी मंडळींना म्हणालो, वही बुडवावी म्हणतो.

"तुमच्या वाटची बुडवा," त्या म्हणाल्या. "निम्मी माझी आहे. घर मीच चालवलं ते दहा महिने."

मी पाने मोजली. पन्नास आणि पन्नास. पण नाव पहिल्याच पानावर होते आणि ते पान कोणाच्या वाटचे हे ठरेना.

वसुबारसेच्या दिवशी तो आला. गल्ली न बदलता, सरळ समोरून. हातात सीताफळांची पाटी होती आणि खिशात आठशे रुपये. बाकीचे पुढच्या महिन्यात म्हणाला. मंडळींनी वही काढली, आठशे मांडले, तारीख घातली आणि त्याला खाली सही करायला लावली. त्याने सही करण्याआधी वरच्या सगळ्या रकमांची बेरीज करून पाहिली. मग विचारले, "काकू, ही सीताफळं?"

"ती धरायची नसतात," त्या म्हणाल्या आणि पाटी आत घेऊन गेल्या.